बार्ट, सम पायात असते

बार्ट, हे मी मराठीत लिहितेय. तुला यातलं एक अक्षर कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मराठीत लिहितेय. इंग्रजीत भांडायला लागले की तू दुसऱ्या वाक्यालाच ‘हो, पण’ म्हणून मध्ये शिरायचास. डचमध्ये भांडायला लागले की माझं व्याकरण दुरुस्त करायचास आणि त्या गडबडीत मुद्दाच पळवून न्यायचास. मराठीत तुझं काही चालायचं नाही. तेव्हा आज गुपचूप ऐकून घे.

पहिला राग तुझ्या अंत्यविधीचा. अजून महिनाही झालेला नाही त्याला. हॉल भरून लोक बाहेर उभे होते, आणि तुला आत आणताना त्यांनी लावलं काय, तर तेच गाणं. तुमच्या बँडचं, ज्याच्यावर हा अख्खा देश लग्नांत आणि ऑफिसच्या पार्ट्यांत नाचतो. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांचे पाय हलायला लागले. सुपरमार्केटात ते गाणं लागलं की तू भरलेली टोपली तिथेच ठेवून बाहेर पडायचास. दह्याच्या फ्रीजपाशी बेवारस पडलेली तुझी टोपली मी कितीदा काउंटरवर नेली आहे. त्या दिवशी तुला उठून बाहेर जाता येत नव्हतं. माझ्या नवऱ्याने, प्रसादने, माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मी उभी राहून काहीतरी बोलेन अशी त्याला भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. मी बसून राहिले. नंतर सगळ्यांबरोबर कॉफी घेतली, केक घेतला आणि घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून रडले.

पेपरांतही तेच. माझी लेक ईरा फोनवर एकेक लेख काढून वाचून दाखवत होती. बँड, बँडचे दौरे, बँडची भांडणं, तुझी ती टोपी. शेवटी कुठेतरी एक ओळ, की बँडबाहेरही त्याने काही प्रयोग केले. काही प्रयोग! डेल्फ्टच्या मनोऱ्यात घंटा वाजवणारे ते आजोबा वर, तू खाली चौकात, आणि घंटेचा आवाज खाली पोचायला लागणारा तो जरासा वेळ, त्या उशिरावर तू अख्खी रेकॉर्ड उभी केलीस. हेगमधले ते सुरिनामी गायक, ज्यांचे पणजोबा बिहारमधून उसाच्या मळ्यांवर गेले होते. त्यांच्या गॅरेजात लोखंडी दांडीच्या तालावर तू एक उन्हाळा बसलास आणि त्यांनी तुला बरेच दिवस तुझ्या बेस गिटारला हातच लावू दिला नाही. नुसतं ऐक म्हणाले. तू ऐकलंस. बँडमध्ये ज्याच्यापुढे कुणी ब्र काढायचं नाही, असा माणूस गॅरेजात पालथ्या बादलीवर बसून ऐकत होता.

तू या सगळ्याला ‘बाहेरचं’ म्हणायचास. मी एकदा तुला सांगितलं होतं, आमच्याकडे एखाद्या पुरुषाचं ‘बाहेरचं’ आहे म्हणजे काय ते. तुला ते इतकं आवडलं की तू तिथल्या तिथे मारायकेला हाक मारून सांगितलंस. तुझी बायको शांतपणे म्हणाली, बाई परवडली असती, बाईने निदान जिन्यात वायरी पसरल्या नसत्या.

आपली ओळख भिंतीतून झाली. उइटहॉर्न गावातल्या त्या रांगेतल्या घरांत तुझी बैठकीची खोली आणि माझी, मध्ये एक भिंत. मी पुण्याहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, हाताला काम नाही, ईरा लहान, प्रसाद सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर मला सोबत त्या भिंतीची. तिच्यातून तुझा बेस यायचा. सूर नाही, नुसता धक्का, शिट्टी व्हायच्या आधी कुकर ओट्यावर थरथरतो तसा. तुझं नावही माहीत नव्हतं तेव्हा मी तुझ्या ठेक्यावर पोळ्या लाटल्या आहेत. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच लाटणं रेकॉर्ड करायला आला असतास.

मग आम्हा बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा गट जमला. शिकवायला गोडबोले काकू. मुलाकडे राहायला आलेल्या, पण पुण्यात आयुष्यभर झिम्मा-फुगडी शिकवलेल्या. दर शनिवारी दुपारी माझ्याकडे तालीम. दुसऱ्याच महिन्यात पलीकडच्या बाजूच्या शेजारणीची चिठ्ठी दारात पडली, अत्यंत सभ्य भाषेत, की आपल्याकडे काही दुरुस्तीचं काम चालू आहे का. इथली सभ्य चिठ्ठी जशी लागते तशी पुण्यातली शिवीही लागत नाही. आम्ही लगेच जिमच्या जाड चटया आणून अंथरल्या आणि पायांत लोकरी मोजे चढवले. काकू चिडल्या. पाय वाजत नाही तो झिम्मा कसला, ही तर मांजरांची मंगळागौर, म्हणाल्या. पण घर भाड्याचं होतं आणि आम्ही सगळ्याच इथे नव्या होतो. पाय मुके झाले ते झालेच.

आणि त्यानंतरच्या शनिवारी तू बेल वाजवलीस. दारात हा एवढा उंच माणूस, घरातल्या सपाता घालून. आत सगळ्या जागच्या जागी गोठल्या. मी माफी मागायला सुरुवात केली आणि तू हात वर करून मला थांबवलंस. तू विचारलंस, तो श्वास कुणाचा आहे? आम्हाला कळेना. मग तू स्वतःच करून दाखवलंस, फुगडी घालताना आम्ही तोंडाने फू-फू करून ठेका धरतो तो. भिंतीला कान लावून ऐकला होतास म्हणे. काकूंनी मला मराठीत विचारलं की हा तक्रार करतोय की वेडा आहे. मी म्हटलं, काकू, बहुतेक दुसरं.

तुला रेकॉर्ड करायचं होतं. काकूंची अट होती की तालमीच्या खोलीत पुरुष नको. मी ती हसत हसतच सांगितली होती, पण तू डच माणूस. नियम म्हणजे नियम. माइक लावून तू स्वयंपाकघरात जाऊन बसलास, दार लावून, कानाला हेडफोन, समोर चकल्यांचा डबा. काकू त्या दिवसापासून तुला बार्टराव म्हणायला लागल्या. आणि तिथेच घोळ झाला. तू आम्हाला ऐकलंस, पण पाहिलं नाहीस.

वाचणाऱ्याला सांगायला हवं, तुला तर मी हजारदा सांगून झालंय. झिम्म्यात आधी पाय पडतो, मग टाळी. सम पायात असते. टाळी ही त्या पायाला दिलेलं उत्तर. आता पाय चटईवर, त्यात मोजे; तुझ्या हेडफोनमध्ये आल्या फक्त टाळ्या, बांगड्या आणि श्वास. तू टाळीलाच सम धरलंस. तुझ्या भाषेत ‘एक’. फंकमध्ये, म्हणजे तुमच्या बँडच्या संगीतात, त्या एकचं केवढं माहात्म्य, ते तूच मला शिकवलं होतंस: वाटेत कुठेही उंडारा, पण एकवर सगळ्यांनी घरी यायचं. तर तू तुझं सगळं घर आमच्या टाळीवर बांधलंस आणि जिथे आमचा पाय पडतो तिथे काहीच नाही. रिकामं.

तू आम्हाला ऐकायला बोलावलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. तुझ्या खोलीत आम्ही ओळीने बसलेल्या, मारायकेने सफरचंदाचा केक केलेला. बेस सुरू झाला आणि काकूंची मान जी हलायला लागली होती ती थांबली. संपल्यावर तू आमच्या तोंडाकडे बघत उभा. काकू मराठीत एवढंच म्हणाल्या, “बार्टराव चुकले.” मी तुला सांगितलं की काकूंना फार वेगळं वाटलं. दुसऱ्या दिवशी कॉफीला आले आणि खरं काय ते सांगितलं, आणि आपलं भांडण सुरू झालं.

केवढं भांडलो आपण! मी म्हणायचे, ज्याने जन्मभर टाळी दोनवर, म्हणजे दुसऱ्या मात्रेवर वाजवली, त्याला टाळी म्हणजे एक नव्हे हे कळू नये? तू म्हणायचास, जन्मभर दोनवर वाजवली म्हणूनच. मी म्हणायचे, सम पायात आहे. तू म्हणायचास, मग ऐकू का येत नाही? मी म्हणायचे, शेजाऱ्यांमुळे, म्हणजे तुमच्यासारख्यांमुळे. तू म्हणायचास, मी कधी तक्रार केली? आणि मग ते तुझं ठरलेलं वाक्य, जे ऐकल्यावर मला कप आपटावासा वाटायचा: जे ऐकू येत नाही, त्याच्यावर मी कसा वाजवू? ही सबब होती की आणखी काही, ते तू मला कधी कळू दिलं नाहीस. चुकलो म्हणाला असतास तर मी विषय सोडून दिला असता. तू म्हणाला नाहीस, म्हणून मीही सोडला नाही.

तुझी उलट तक्रार शेवटाबद्दल होती. आमचा दम संपला की आम्ही सगळ्या एकदम थांबतो, हसत, धापा टाकत, एकमेकींच्या अंगावर पडत. रेकॉर्डवरही तसंच आहे. आम्ही थांबतो आणि त्यानंतर तू एकटाच काही फेऱ्या वाजवत राहतोस. तू म्हणायचास, आमच्यात स्टेजवर एखाद्याला असं एकटं टाकून जात नाहीत. मी म्हणायचे, फुगडी दम संपला की संपते, तुमचं तुम्ही बघा.

हिवाळ्यात तू आजारी पडलास. भिंतीतून बेस यायचा तो आधी कमी झाला, मग थांबला. मारायकेने तुझा पलंग खाली, खिडकीपाशी लावला. शेवटची आले तेव्हा शेवयांची खीर घेऊन आले होते. तू दोन चमचे खाल्लीस, तेवढीही कष्टाने. ईराही होती बरोबर. ती तुला बार्टकाका म्हणायची आणि बाकी सगळं डचमध्ये बोलायची. तिला तू विचारलंस की तुझी आई अजून बरोबरच आहे का. ती म्हणाली, आई नेहमीच बरोबर असते, म्हणून तर घरी कुणी तिच्याशी वाद घालत नाही. तू हसलास आणि खोकलास. निघताना मला म्हणालास, शुक्रवारी ये, उरलेलं भांडू. शुक्रवार यायच्या आतच एका सकाळी मारायके आमच्या दारात उभी होती.

आता नवीन भानगड ऐक, कारण खरं त्यासाठीच लिहितेय.

तुझा रॉब, तुमच्या बँडचा ड्रमर, तुझ्या सगळ्या बाहेरच्याची एक रेकॉर्ड काढतोय. हेतू चांगला आहे त्याचा. अंत्यविधीला तो एखाद्या मुलासारखा रडत होता, ते मी पाहिलंय. त्याने मला फोन केला आणि म्हणाला की आपला झिम्मा त्यात घ्यायचाय, पण एक अडचण आहे. मला लगेच कळलं कुठली. आपलं भांडण त्यानेही ऐकलं होतं. तो म्हणाला, तू कायम म्हणायचीस ना की बार्टने एक चुकीच्या जागी धरला? काही अवघड नाही. बेसचा ट्रॅक वेगळाच आहे, मी तो एक मात्रा सरकवतो, बरोबर तुमच्या पायावर बसवतो. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही सांग, पुढे फाइल पाठवायची आहे.

बघ काय वेळ आली. इतकी वर्षं जे मी तुझ्या डोक्यात घालू बघत होते, ते आता एक माणूस माउसने करून देत होता. आणि तू भांडायला नव्हतास. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

शनिवारची तालीम होतीच. मी गटाला सांगितलं. एकीदोघी म्हणाल्या, जाऊ दे ना, त्याची आठवण आहे, जशी आहे तशी राहू दे. काकू चटईवर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होत्या, त्या थांबल्या.

“अगं मेधा, गेलेल्या माणसाला चुकला असं कोण म्हणणार आहे? चुकल्या म्हणतील आपल्याला. हे यूट्यूबवर जाणार. पुण्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या बायका ऐकणार. म्हणतील, तिकडे गेल्या आणि गोडबोलेबाई ताल विसरल्या.”

खरंच होतं ते. तुझ्या नावाला या देशात कुणी हात लावणार नव्हतं. आमच्या नावाला होतंच काय? काकूंचं नाव म्हणजे तेवढा एक ताल. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या पुण्यातल्या शिष्या फोन कानाला लावून बसलेल्या दिसायला लागल्या. मी म्हटलं, काकू, सरकवून घेऊ. काकूंनी मान हलवली आणि पुन्हा तेल चोळायला लागल्या. तालमीत त्या दिवशी कुणाचंच लक्ष लागलं नाही.

गुरुवारी रॉबने ऐकायला बोलावलं. कापेल आन डेन आयसेल गावात, ऑफिसांच्या इमारतींमागे त्याचा स्टुडिओ आहे, तुला माहीतच आहे. काकू म्हणाल्या, मी येणार, माझ्या तालाचं आहे, मी ऐकल्याशिवाय काही पाठवायचं नाही. मेट्रोत मला सारखं वाटत होतं की आपण तुझ्या पाठीमागे काहीतरी करायला निघालोय. आणि पाठोपाठ राग यायचा, की पाठीमागे कसलं, हा माणूस समोर होता तेव्हा ऐकत होता कुठे!

स्टुडिओत खाली लाकडी जमीन आहे. आम्ही सवयीने बूट दारात काढले. रॉबने आधी सरकवलेलं लावलं. बेस बरोबर आमच्या पायाच्या जागी पडला, टाळी त्याच्यामागून दोनवर. सगळं जुळलं. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही. काकूंची मान हलली. रॉबने डोळे मिटले होते, ते उघडले तर भरलेले होते, आणि तो म्हणाला, “आता हा आपला बार्ट वाटतो.”

बार्ट, त्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. कारण तो खरं बोलत होता. तो अगदी तुमचा बँड वाटत होता. टाळी दोनवर, बेस एकवर, जगातल्या कुठल्याही लग्नात लावावं असं. दह्याच्या फ्रीजपाशी हे लागलं असतं तर तू टोपली ठेवून गेला असतास. आणि आणखी एक झालं होतं. आमचा श्वास, ज्याच्यासाठी तू सपाता घालून माझ्या दारात आला होतास, तो ऐकूच येत नव्हता. बेस त्याच्यावर बसला होता.

मी रॉबला म्हटलं, हा बार्ट नाही. तो गोंधळला. त्याने विचारलं, पण चूक तर तूच म्हणत होतीस ना? मी म्हटलं, म्हणतेच आहे. तो चुकलाच होता. रॉब कपाळाला हात लावून बसला. काकू मला विचारत होत्या की हा काय म्हणतोय, आणि मला एकाच वेळी दोन भाषांत दोघांवर चिडता येईना. रॉब म्हणाला की मग चूक नेमकी कुठे आहे ते तरी दाखव, मला नीट कळू दे. मी म्हटलं, जुनं लाव.

त्याने जुनं लावलं. टाळीवर तुझा बेस, आणि मध्ये ते रिकामं. मी उभी राहिले आणि रॉबला दाखवायला पाय आपटला. सम इथे आहे. पुन्हा आपटला. इथे. पुन्हा इथे. तुझ्यावरचा इतक्या वर्षांचा राग त्या पायात होता, तू चुकवलेल्या त्या शुक्रवारचासुद्धा. मी मोजे घातलेला पाय त्या लाकडावर आपटत होते, धाड, आणि मागून तुझं उत्तर येत होतं. धाड, आणि उत्तर. चार-सहा फेऱ्या झाल्या असतील, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चूक दाखवत नाहीये. माझा पाय पडत होता ती जागा मोकळी होती. तिथे तू एक सूरही ठेवला नव्हतास, तिथून जाताना एखादा चुकार सूर सांडतो तेवढाही नाही. तिथे फक्त आमचा श्वास होता, आणि त्याच्यावर आता पाय पडत होता.

रॉब ताठ बसला. त्याने काहीही न विचारता आवाज वाढवला. काकू माझ्या पायाकडे बघत होत्या. त्या खुर्चीतून उठल्या, एका हाताने खुर्ची धरली आणि दुसऱ्या हाताने मोजे काढले. आधी एक, मग दुसरा. मग त्यांनी पाय टाकला. गुडघा दुखणाऱ्या बाईचा तो पाय इतका स्वच्छ वाजला की मी माझा थांबवला.

गाणं संपल्यावर काकू धापा टाकत म्हणाल्या, “सम पायातच आहे. पण बार्टरावांना बसू दे म्हणावं तिथेच, टाळीवर. सरकवू नका त्यांना.”

मी रॉबला सांगितलं. या वेळी अगदी जसंच्या तसं सांगितलं.

त्याने फाइल पाठवायचं आठवडाभर पुढे ढकललं, कुणाकुणाशी फोनवर भांडून. पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्या कापेलला गेलो. प्रसाद गाडी घेऊन आला होता, मारायकेही आली. काकूंनी नियम सांगितल्यावर प्रसाद मुकाट्याने बाहेर बाकावर बसला; रॉबचा इलाज नव्हता, त्याला काचेपलीकडे बसायची परवानगी मिळाली. लाकडाला लागून खाली माइक ठेवले होते. चटई नव्हती. सगळ्यांनी मोजे काढून कोपऱ्यात ठेवले, आणि मला सांगायला हरकत नाही, आम्हाला भीती वाटत होती. इतकी वर्षं या देशात पाय वाजवायचा नाही अशी सवय लागलेली. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्या चवड्यांवरच नाचलो. काकू ओरडल्या की इथे खाली कुणी राहत नाही, टाका पाय.

मग टाकले. हेडफोनमध्ये आमच्याच जुन्या टाळ्या, आमचाच जुना श्वास, त्यात आता दुसरीकडे राहायला गेलेल्या दोघींच्या बांगड्या, आणि टाळीवर तू. पायाखाली लाकूड वाजत होतं. बार्ट, मी बरोबर होते. सम पायातच असते आणि आता ती ज्याला कान आहेत त्या कुणालाही ऐकू येईल. तू चुकला होतास की माझ्यासाठी जागा धरून बसला होतास, ते मला अजूनही माहीत नाही. दोन्ही खरं असेल तर त्याचाही मला रागच येतो, कारण ते तोंडाने सांगायला तुला काय झालं होतं? आणि राग आला की पाठोपाठ ती भिंत आठवते, पोळ्या आठवतात, तू नसतास तर मी त्या घरात कशी राहिले असते ते आठवतं. आभार मानायचे राहिले. भांडायच्या नादात ते सुचलंच नाही. आता मानते.

शेवट आला. रेकॉर्डवरच्या आम्ही थांबलो, हसलो, धापा टाकल्या, एकमेकींच्या अंगावर पडलो. त्यात माझं हसणंही होतं, त्या दिवसाचं, तू दाराआड चकल्या खात बसला होतास तेव्हाचं. आणि पुढे तू एकटा वाजवायला लागलास. हे काही ठरलं नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, दम राहिला नव्हता, एक हात गुडघ्यावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय टाकला. मग सगळ्यांनी टाकला. काचेपलीकडे रॉब उभा राहिला होता, मारायकेने तोंडावर हात धरला होता.

या वेळी तू थांबेपर्यंत आम्ही थांबलो नाही.